साखवाळ ते सेवाग्राम : आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे जाणे आणि येणे

दरवर्षी जून महिन्यात आपल्या विद्यालयाच्या फाटकापाशी एकच दृश्य आम्ही पाहत आलो आहोत. पत्र्याची पेटी, गुंडाळलेले अंथरूण आणि डब्यात बांधून आणलेला खाऊ घेऊन मुले येतात. आई मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते, वडील फाटकाबाहेर उगाच रेंगाळतात आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून दोघेही निघतात. त्या रात्री वसतिगृहात काही मुले पांघरुणात तोंड खुपसून रडतात. पुढे हीच मुले शिकून मोठ्या शहरांत आणि परदेशांतही जातात; आणि गावी राहिलेले आईवडील आम्हांस विचारतात, आम्ही मुलाला शिकवले की गमावले?

या प्रश्नास तयार उत्तर आमच्यापाशी नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत, ज्याने आयुष्यभर हा प्रश्न आपल्या देहाने सोडविण्याचा प्रयत्न केला. मराठी भाषेत बुद्धचरित्र आणि पाली वाङ्मय आणून देणारे आचार्य धर्मानंद कोसंबी हे ते पुरुष होत. आपल्या ग्रंथालयातील त्यांची पुस्तके अनेकांनी हाताळली असतील. ती पुस्तके आपल्यापर्यंत किती लांबचा वळसा घेऊन आली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. झुवारी नदीच्या दक्षिणेकडील हे गाव त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली होते. घरी माडांची बागाईत होती, पण सुबत्ता नव्हती. गोव्यात मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी असल्याने त्यांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. वडील दामोदर यांना घरकामात मदत करावी, माडांची देखभाल करावी आणि हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिनक्रम होता. कोवळ्या वयातच चिखली येथील लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. गावातील शेकडो तरुणांचे आयुष्य जसे जात होते, तसेच त्यांचेही जाईल, असे कोणासही वाटले असते.

पण वाचनाची आवड त्यांस स्वस्थ बसू देईना. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालविलेल्या ‘बालबोधमेवा’ या मासिकात भगवान बुद्धांविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. एका लहानशा लेखाने माणसाचे आयुष्य बदलते, यावर सहसा विश्वास बसत नाही. येथे तसे घडले. बुद्धांविषयी सर्व काही जाणून घ्यावे, ही एकच ओढ त्यांच्या मनाला लागली. परंतु जाणून घ्यावे ते कोठून? साखवाळला विचारावे असे कोणी नव्हते. मराठीत त्या विषयावर वाचावयास फारसे काही नव्हते. मूळ ग्रंथ पाली भाषेत होते आणि ते सिंहली, बर्मी, सयामी अथवा रोमन लिपीत होते. ज्या भूमीत तथागतांनी पंचेचाळीस वर्षे पायी चारिका केली, त्याच भूमीत त्यांची वाणी वाचता येईल अशी शाळा शोधूनही सापडत नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला मुलूख कंटाळवाणा वाटला म्हणून धर्मानंद निघाले नाहीत आणि पैसा मिळवावा म्हणूनही निघाले नाहीत. जे त्यांस हवे होते ते त्यांच्या मुलखात उरलेलेच नव्हते. वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, तेवीस वर्षांचे धर्मानंद घर सोडून पुण्यास आले. मागे राहिल्या त्या बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक.

पुण्यात प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आणि थोर संस्कृत पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा आधार त्यांस मिळाला. संस्कृत आल्याशिवाय पुढची वाट उघडणार नाही, हे त्यांनी जाणले. पुण्याहून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरहून काशी, असा त्यांचा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून, मिळेल तेथे राहून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धांच्या जन्मभूमीच्या परिसरात तरी धम्म जिवंत असेल, ही त्यांची आशा होती. ती तेथे पुरी झाली नाही. निराश होऊन ते बुद्धगयेस आले. धम्माचे शिक्षण घ्यावयाचे तर सिंहलद्वीपास जावे लागेल, हे त्यांस तेथे कळले. मग कलकत्ता, आणि तेथून समुद्रमार्गे कोलंबो.

कोलंबोत सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि ते श्रामणेर झाले. तेथील आहार व हवामान त्यांस मानवले नाही. तरी ते नेटाने शिकत राहिले. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले, तेथे भिक्षू झाले आणि अरण्यवास पत्करून ध्यानाभ्यासही केला. मधल्या काळात भारतात येऊन कुशीनगरादी बौद्ध तीर्थस्थाने त्यांनी पाहिली. त्यातील बराच प्रवास पायीच झाला. नव्या लिपी शिकाव्यात, अनोळखी भाषेत गुरूंचे विवेचन ऐकावे, भिक्षापात्रात पडेल ते खावे, असे हे विद्यार्थिजीवन होते. आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एक दाखला मिळाला नाही म्हणून खचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा भाग सावकाश वाचावा, असे आम्ही सुचवू.

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास परतले. चीवर उतरवून त्यांनी पुन्हा गृहस्थाचा वेष घेतला. वंगभंगविरोधी चळवळीच्या त्या दिवसांत तेथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. घर सोडून सहा-सात वर्षे लोटली होती. ज्याचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते, तो साखवाळचा तरुण आता विद्यापीठात अध्यापक होता. आपल्या भाषेत बोलायचे तर तो मार्गी लागला होता. सामान्य माणसाची गोष्ट येथे सुखान्त होऊन संपली असती.

धर्मानंदांच्या मनात मात्र निराळाच हिशेब चालू होता. आपण एवढे शिकलो ते बंगालला शिकविण्यासाठी काय, असा तो हिशेब होता. बंगालविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती. पण जे आपल्या लोकांत नव्हते म्हणून आपण वणवण केली, ते आपल्या लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, ही जाणीव त्यांस सोडीना. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांची भेट झाली. महाराष्ट्रात राहावे, ग्रंथलेखन करावे आणि त्यासाठी बडोदे संस्थानाने दरमहा ५० रुपये द्यावेत, असे ठरले. कलकत्त्यास राहिले असते तर याच्या कितीतरी पट वेतन त्यांस मिळाले असते. विद्यापीठातील मानाची जागा सोडून त्यांनी पन्नास रुपये पत्करले आणि ते महाराष्ट्रात आले.

सयाजीराव महाराजांचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पुढे १९१३ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती याच राजाने. एकाच राजाने एकास दूर जाण्यासाठी आणि दुसऱ्यास परत येण्यासाठी हात दिला. या दोन साहाय्यांत आम्हांस विसंगती दिसत नाही. ज्या समाजाला वर यावयाचे असते, त्याला ही दोन्ही कामे करावी लागतात.

महाराष्ट्रात आल्यावर धर्मानंदांनी बडोद्यात व्याख्याने दिली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक त्यांतूनच तयार झाले. मुंबई विद्यापीठात पालीचा अंतर्भाव व्हावा यासाठी डॉ. भांडारकरांनी केलेल्या खटपटीस त्यांची साथ होती. इतक्यात एक अनपेक्षित बोलावणे आले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताने आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. ते अपुरे असतानाच १८९९ मध्ये वॉरन निवर्तले होते. ते काम पुरे करू शकेल असा जाणकार विद्यापीठास हवा होता. १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले.

तेथे त्यांनी मन लावून काम केले. पण संपादनाचे श्रेय कोणाचे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये काम तसेच टाकून ते मायदेशी परतले. पुढे १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि १९३१-३२ असे आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. एवढा खटाटोप करूनही तो ग्रंथ हार्वर्डकडून प्रसिद्ध झाला तो १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मुख्य संपादक म्हणून वॉरन यांचे आणि सुधारक म्हणून कोसंबींचे नाव त्यावर आहे. दरम्यान त्यांनी स्वतः संपादिलेली ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच प्रसिद्ध केली होती. जगातील नामांकित विद्यापीठात जे काम अडून राहिले, ते आपल्या लिपीत आधी पुरे झाले. परदेशी जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी यातून निराश होऊ नये. बाहेर मान मिळतो तसा अपमानही वाट्यास येतो आणि दोन्ही पचवून काम पुढे न्यावे लागते, एवढे मात्र जाणून असावे.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या प्रवासाचे फळ येथे आहे. या काळात पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. बापटांनी १९२४ मध्ये ‘सुत्तनिपात’ देवनागरीत संपादून प्रसिद्ध केला आणि पुढे ते स्वतः पालीचे नामवंत आचार्य झाले. १९५६ साली बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने जो गौरवग्रंथ काढला, त्याचे संपादनही बापटांनीच केले. विचार करा : १८९९ मध्ये घर सोडलेल्या एका मराठी तरुणास पाली शिकावयाची म्हणून समुद्र ओलांडून कोलंबोस जावे लागले, त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत मराठी विद्यार्थ्यास पाली पुण्यात शिकता येऊ लागली. एकाने वाट तुडविली आणि मागून येणाऱ्यांची वाट आखूड झाली.

तथापि या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती झाकून केवळ गौरव करणे धम्माच्या विद्यार्थ्यांस शोभणार नाही. धर्मानंद घरातून निघाले तेव्हा बाळाबाई तरुण होत्या आणि कडेवर तान्ही पोर होती. त्या काळच्या गोव्यात नवरा निघून गेलेल्या स्त्रीस काय सोसावे लागत असेल, हे आपल्या आयाबहिणींस समजावून सांगावे लागणार नाही. धर्मानंदांची सहा-सात वर्षे काशी, कोलंबो आणि ब्रह्मदेशात गेली. बाळाबाईंची ती वर्षे वाट पाहण्यात गेली. धर्मानंद परतले, संसार पुन्हा उभा राहिला, १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला, पुढे आणखी दोन मुली झाल्या. तरीही पुढची कितीतरी वर्षे धर्मानंद समुद्रापलीकडे आणि बाळाबाई घर सांभाळीत, असेच चालले. १९१८ च्या अमेरिकावारीत मोठी मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांस त्यांनी सोबत नेले. मुलांचे शिक्षण उत्तम झाले आणि दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगभर ओळखले गेले. पण धर्मानंदांच्या ग्रंथांवर बाळाबाईंचे नाव संपादक म्हणून कोठे छापलेले नाही. जो जातो त्याच्या प्रवासाचे भाडे घरी राहणारा भरीत असतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या यशाच्या बातम्या फलकावर लावताना आम्हांस हे नेहमी आठवते.

धर्मानंदांस स्वतःस या प्रश्नाने सोडले नव्हते, असे त्यांच्या ग्रंथांवरून दिसते. सिद्धार्थ गौतमांनी घर का सोडले, याचा त्यांनी फार बारकाईने विचार केला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून, मध्यरात्री पत्नी व मुलास निजलेले सोडून राजपुत्र निघून गेला, ही लोकप्रिय कथा त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात तपासून पाहिली. प्राचीन सुत्तांच्या आधारे त्यांनी दाखविले, की शाक्य आणि कोलिय यांच्यातील कलह व शस्त्रधारण यांचा उबग हे गृहत्यागाचे खरे कारण असले पाहिजे आणि आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत गौतमांनी घर सोडले. हाच विषय त्यांनी ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही हाताळला. पुढे बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारून रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यास गृहत्यागाचे कारण मानले. लपून पळून जाणे आणि सर्वांसमक्ष कारण सांगून निघणे, यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय संबोधीनंतर तथागत कपिलवस्तूस गेले, पित्यास व यशोधरेस भेटले आणि राहुलास त्यांनी आपल्या संघात घेतले, हेही आपण विसरता कामा नये.

उत्तरायुष्यातही धर्मानंद एका जागी स्थिरावले नाहीत. १९२२ ते १९२५ या काळात ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२९ मध्ये बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासासाठी ते रशियात लेनिनग्राडला गेले. तेथून परतताच १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते सामील झाले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये मुंबईच्या कामगार वस्तीत, परळला, त्यांनी बहुजन विहाराची स्थापना केली. या जागेची निवड आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातून आणि देशावरून पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसांनी वसलेली ही वस्ती. ज्ञानासाठी गाव सोडलेला पंडित, भाकरीसाठी गाव सोडलेल्या माणसांच्या शेजारी येऊन राहिला. त्याने जग पाहिले होते, तरी विहारासाठी त्यास हीच जागा योग्य वाटली.

अखेरच्या काळात देह थकला, व्याधी वाढली. आता आपल्या हातून काम होत नाही, मग इतरांवर भार का व्हावे, या विचाराने त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. गांधीजींच्या आग्रहावरून तो एकदा त्यांनी थांबविलाही. शेवटी वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी शांतपणे त्यांचे देहावसान झाले. देश स्वतंत्र होण्यास जेमतेम अडीच महिने उरले होते. त्यांचा गोवा मुक्त होण्यास अजून चौदा वर्षे लागणार होती. साखवाळच्या माडांखाली त्यांस विसावा मिळाला नाही.

मग ते परतले असे म्हणावे काय? गावाच्या वेशीपुरता विचार केला, तर नाही. परंतु साहित्य अकादमीने ज्याची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे करवून घेतली, तो ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला नाही, मराठीत लिहिला. ‘निवेदन’ हे आत्मवृत्त, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, जातककथा हे सारे त्यांनी मराठीतच लिहिले. जगाने वाहवा करावी अशा भाषेत लिहिण्याची संधी असता, साखवाळच्या पडवीत बसून ‘बालबोधमेवा’ वाचणाऱ्या मुलास समजेल अशा भाषेत त्यांनी लिहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हा बुद्धांविषयी मराठीत वाचावयास काय आहे, असा प्रश्न घरोघरी उभा राहिला. त्या वेळी धर्मानंदांची पुस्तके मराठीत तयार होती. ते स्वतः नऊ वर्षांपूर्वीच निघून गेले होते; त्यांचे येणे मात्र तेव्हा पुरे झाले.

म्हणून फाटकापाशी रेंगाळणाऱ्या पालकांस आम्ही एवढेच सांगू शकतो, की मुलास अडवू नका. जे आपल्या गावात नाही ते आणावयास कोणीतरी गेलेच पाहिजे. दूर गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस आम्ही सांगू, की प्रत्येकाने नोकरी सोडून गावी यावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण आपण जे शिकलो ते शिकण्यासाठी पुढच्या मुलास तेवढेच लांब जावे लागणार आहे काय, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी स्वतःस विचारावा. ग्रंथालयास पुस्तके पाठवा, सुटीत चार दिवस येऊन आपला विषय मराठीत शिकवा, एखाद्या मुलाचा हात धरून त्याला वाट दाखवा. आणि पहिल्या पगाराची, पदवीची, परदेशाच्या तिकिटाची बातमी प्रथम त्या माणसास सांगा, जे तुमच्या मागे घर राखून बसले आहे. धर्मानंदांच्या चरित्राने शिकविलेली आणि त्यांच्याकडूनही काही अंशी राहून गेलेली ही गोष्ट आहे.

आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या आणि बाळाबाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.